घार वर बघत नव्हती

चष्मा असेल तर पायलट होता येतं का? येतं. उंची कमी असेल तर? पाय पेडलपर्यंत पोचले आणि नाक समोरच्या काचेच्या वर आलं की झालं. इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली येतं का? नाही, तरंगत येतं, आणि तरंगताना कुठे उतरायचं ते आम्ही शिकवतो. विमानाला रिव्हर्स असतो का? आमच्या विमानांना नाही, मागे न्यायचं असेल तर आम्ही ढकलतो, तुम्हीही ढकलाल. गणित कच्चं आहे, चालेल? बेरीज-वजाबाकी येत असेल तर चालेल, पण इंधनाची वजाबाकी चुकली तर चालणार नाही. मुलीला लग्नानंतर झेपेल का हो हे? इथे मी फोन कानापासून लांब धरतो आणि तोंडात आलेलं गिळून टाकतो.

मी विमान शिकवणाऱ्या शाळेच्या चौकशीच्या टेबलावर बसतो. कधीपासून बसतो ते विचारू नका, खुर्चीची गादी तीनदा बदलली एवढंच सांगतो. माझ्यामागे भिंतीवर हुक आहेत, त्यांवर विमानांच्या किल्ल्या. हो, छोट्या विमानांना किल्ली असते, हाही लोकांचा आवडता प्रश्न आहे. शेजारी फळा, त्यावर आज कोण कुणाबरोबर उडणार ते मी लिहितो. आणि दिवसातून एकदा तरी कुणीतरी काउंटरवर कोपर टेकून विचारतंच, ‘मग तुम्ही स्वतः का नाही झालात पायलट?’

तेव्हा माझं डोकं फिरतं. मी काहीतरी थापा मारतो. खरी गोष्ट अशी की विशीत मला दोनदा घेरी आली होती. एकदा कॉलेजच्या जिन्यात, एकदा घरी नळाखाली तोंड धुताना. घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता. पायलटांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर मी बसलो होतो आणि शेजारी माझी ताई. ती नुकतीच या शाळेत विमान शिकवायला लागली होती. मी तिला विचारलं, सांगू का? माझ्या मनात ती ‘गप्प बस’ म्हणेल असं होतं. ती म्हणाली, “लपवून उडालास तर शेजारी बसणाऱ्याला फसवशील. खरं सांग.”

मी खरं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझं उडणं तिथंच संपलं. मग ताईनेच शाळेच्या मालकांना सांगून मला ही खुर्ची मिळवून दिली. मी तिच्यावर तेव्हा रागावलो नाही. बरोबर तेच बोलली असं मला वाटलं, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर मी दुसऱ्यांना पायलट कसं व्हायचं ते सांगत बसलो.

आता ताईबद्दल. विद्यार्थी तिला समोर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे घार. जमिनीवर उभी राहून ती आकाशातल्या विमानाचं एक चाक दुसऱ्यापेक्षा कमी फुगलंय हे सांगते, म्हणून घार. केस पोरासारखे कापलेले, आवाज इंजिनवर मात करणारा, अंगात बारा महिने तेच तपकिरी जॅकेट. रोज सकाळी विमानाच्या टाकीतून काचेच्या नळीत थोडं इंधन काढायचं आणि पाणी मिसळलंय का ते उजेडात धरून बघायचं, हे काम तिने कधी कुणावर सोडलं नाही. एका पोराने इंजिनातल्या तेलाची पट्टी पँटला पुसली तर तिने त्याला दिवसभर विमानाचं पोट पुसायला लावलं होतं.

तिचा सगळ्यात कडक नियम बोलण्याचा. विमानात दोघांसमोर दोन स्टिअरिंग असतात. त्यामुळे विमान कोण चालवतंय ते तोंडाने म्हणायचं. शिकवणारी म्हणते, विमान तुझ्याकडे. शिकणारा म्हणतो, विमान माझ्याकडे. तो म्हणेपर्यंत ती हात काढत नाही. नाहीतर याला वाटतं ती चालवतेय, तिला वाटतं हा, आणि विमान कुणाच्याच हातात नसतं. ही सवय तिने घरीही आणली. माझी मुलगी तान्ही असताना तिला बायकोच्या हातात देताना ताई म्हणायची, बाळ तुझ्याकडे. बायकोने उत्तर दिल्याशिवाय सोडायचीच नाही. बायको आधी हसायची, मग चिडायची, मग निमूट म्हणायची, बाळ माझ्याकडे.

आणि रोज सकाळी वर्गात पहिला प्रश्न ती विचारायची. आज उडण्यासारखे आहात का? झोप झाली का, पोट ठीक आहे का, घरी भांडून आलात का? कुणी नाक ओढलं की त्याला घरी पाठवायची. जो स्वतःहून ‘आज नको’ म्हणायचा त्याची पाठ थोपटायची. मला या गोष्टीचा अभिमान होता, आणि म्हणूनच पुढचं सांगणं मला अजून जड जातं.

सुरुवात झाली ती दातवाल्या बाईंच्या प्रश्नाने. या बाई दातांच्या डॉक्टर. चाळिशी उलटल्यावर त्यांना विमान शिकायची हौस आली, आणि दवाखाना बंद ठेवून त्या आठवड्यातून दोन सकाळी येतात. नवशिक्या आहेत, विमान अजून बकरीसारखं उड्या मारत उतरवतात. एके दिवशी त्या काउंटरवर आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मॅडम मला हल्ली घेत नाहीत. माझं काही चुकलं का?”

मी म्हटलं छे, परीक्षा जवळ आलेल्यांना घेतायत. पण बाई गेल्यावर मी फळ्याकडे वळून बघितलं. ताईच्या नावापुढे उशी. उद्या पुन्हा उशी. परवा तो लांब मानेचा, जो एकट्याने विमान दुसऱ्या गावी नेऊन आणतो. नवशिके सगळे बाकीच्या दोन सरांकडे. फळा मीच लिहितो, पण ताई सांगेल तसं लिहितो, आणि ती इतक्या सहज सांगायची की माझ्या लक्षातच आलं नाही. मी मनाशी म्हटलं, वय झालं, नवशिक्यांच्या धक्क्यांना कंटाळली असेल.

उशी म्हणजे आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. बुटकी आहे, समोरचं दिसावं म्हणून सीटवर टाकायला घरून उशी आणते, म्हणून उशी. विमान असं उतरवते की चाकं कधी टेकली ते कळत नाही. घार आपल्यालाच घेऊन उडते याचा तिला केवढा आनंद. फळ्यासमोर उभी राहून स्वतःचं नाव दोनदा वाचायची.

दुसरी गोष्ट ताईच्या गाडीची. बॅटरी गेलीये म्हणून ती कित्येक आठवडे माझ्या गाडीतून येत होती. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वरच्या मजल्यावर, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. तिसरी गोष्ट बायकोने सांगितली. ताई वरच्या फळीवरचा डबा मला काढून दे म्हणतात, माझ्यापेक्षा एवढ्या उंच असून. मी म्हटलं, लाड करून घेतेय. म्हणजे सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी लोकांना विमानाची खिडकी का उघडत नाही ते समजावत बसलो होतो.

मग एका सकाळी उशीच्या घरून फोन आला म्हणून मी तिला बोलवायला हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडमध्ये, गेलो. ताई आणि उशी उडण्याआधी विमान तपासत होत्या. ताई शेपटीखाली उभी होती आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होती. वरचं तू बघ, असं ती उशीला म्हणाली. उशी स्टुलावर चढली, खूश होऊन एकेक स्क्रू हाताने चाचपू लागली. मी जागच्या जागी थांबलो. दुसऱ्याच्या डोळ्यांवर ताई विश्वास ठेवत नाही. जन्मात कधी ठेवला नाही.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, मॅडम, वारा फिरला. आणि सवयीने ताईने मान वर केली, उघड्या दारातून दिसणाऱ्या समोरच्या छपरावरच्या कापडी पिशवीकडे, जी वाऱ्याची दिशा दाखवते. आधारासाठी तिचा हात शेपटीकडे गेला आणि शेपटी सापडलीच नाही. ती खाली बसली. कुणी बघितलं तर बुटाची नाडी बांधतेय असं वाटावं अशी बसली. तिच्या बुटांना नाड्या नाहीत, चेन आहे.

मी तिला हाताला धरून अवजारांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. तिने फार आढेवेढे घेतले नाहीत. थंडी सुरू झाल्यापासून होतंय म्हणाली. मान वर केली किंवा एकदम वळवली की सगळं गरगर फिरतं, थोड्या वेळात थांबतं. गाडी म्हणूनच बंद. मी विचारलं, आणि वर असताना झालं तर?

ती इतक्या शांतपणे बोलली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणून तर ज्यांना एकट्याने उतरवता येतं त्यांनाच घेते.”

तिला वाटत होतं आपण केवढी अक्कल वापरली! जास्तीचं इंधन बरोबर ठेवावं तशी तिने माणसं बरोबर ठेवली होती. नवशिक्याला धोका नको म्हणून दुसऱ्याकडे दिला आणि हुशार पोरांना शेजारी बसवलं, आपल्याला खाली आणायला. असला शहाणपणा पायलटच करू जाणे. दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला असता.

“त्यांना माहीत आहे?” मी विचारलं.

“सांगून काय करू? घाबरतील.”

“विमान तुझ्याकडे म्हणतेस ना त्यांना? त्यांना वाटतं मॅडम शेजारी आहेत, चुकलं तर सावरतील. शेजारी कुणीच नाहीये ताई. त्यांना ते कळायला नको?”

ती म्हणाली, डॉक्टरकडे गेले की त्याच दिवशी जमिनीवर. माझ्या वयाला एकदा खाली बसवलेला माणूस परत वर जात नाही. परीक्षा आटोपू देत, मग बघू. आणि मग तिने ते वाक्य टाकलं, “तुला नाही कळायचं ते.”

मला नाही कळायचं! मला! मी काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. भिंतीवर टांगलेली अवजारं हादरली असतील, बाहेरच्यांनी सगळं ऐकलं असणार. मी बाहेर आलो, फळ्यावरून तिचं नाव पुसलं. ती मागोमाग आली, खडू घेऊन पुन्हा लिहिलं. मी बाहीने पुसलं. विद्यार्थी चहाचे कप हातात धरून बघत राहिले. शेवटी मी तिच्या विमानाची किल्ली हुकावरून काढून खिशात घातली. मालक बाहेर आले, हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आज हे विमान उडणार नाही आणि ताईही उडणार नाही, पगार कापा, मला काढा, काय करायचं ते करा. मालकांनी ताईकडे बघितलं. ताई नुसती जॅकेटच्या खिशात हात घालून उभी राहिली.

संध्याकाळी गाडीत मी तिला बजावलं. उद्या कानाच्या डॉक्टरकडे यायचं, नाहीतर मी मालकांना सांगणार आणि उडण्याचा परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयालाही.

“भाऊ आहेस की कोण आहेस?” ती म्हणाली.

“ज्याला तू खरं बोलायला लावलंस तो आहे.”

सकाळी मी खाली उतरलो तर ती आधीच गाडीजवळ उभी होती. दार उघडताच बसली आणि पट्टा लावला.

कानाची डॉक्टर तरुण मुलगी होती. ताई काय काम करते ते तिला ठाऊकही नव्हतं. तिने ताईला पलंगावर आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवून कडेच्या खाली झुकवलं. ताईचे डोळे लटलट हलायला लागले आणि तिने माझा शर्ट मुठीत धरला. लहानपणीही तिने कधी माझा हात धरला नव्हता, मीच तिचा धरायचो. डॉक्टर थांबली, मग डोकं हळूच दुसऱ्या बाजूला वळवलं, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. कानाच्या आत बारीक कण असतात म्हणाली, ते भलतीकडे घरंगळले की असं होतं, जागेवर नेले की जातं. परत होऊ शकतं, झालं तर परत या. बघा आता वर.

ताईने वर बघितलं. छताला पंखा होता, तो फिरत होता, पण खोली फिरत नव्हती. ती हसायला लागली. एवढंच, एवढंच म्हणत हसत राहिली, आणि डॉक्टरही हसली. मी बाहेर गेलो.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी तळाशी, पण वर राग होता नुसता. एवढंसं दुखणं! डॉक्टर पलंग आवरेपर्यंत बरं झालं ते! आणि त्याच्यासाठी हिने सबंध थंडी आणि अर्धा उन्हाळा दुसऱ्यांची लेकरं शेजारी बसवून आकाशात नेली. सर्दी झालेल्याला घरी पाठवणारी ही बाई! गाडीपाशी मी हे सगळं मोठ्याने बोललो. लोक वळून बघायला लागले. ताई म्हणाली, आता झालं ना बरं, चल, चहा पाजते. मी चहा प्यायलो नाही.

पायलटांच्या डॉक्टरांकडे मात्र तिने सगळं सांगितलं, मी शेजारी होतो. त्यांनी तिला फैलावर घेतलं, काही आठवडे उडायचं नाही म्हणाले, पुन्हा पुन्हा तपासलं आणि मग परवानगी दिली. तिच्या वयाला वर जायला मिळत नाही म्हणे! मिळालं की. मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, मलाही. झालं गेलं विसरून जाऊ, त्यांनी सुचवलं, विद्यार्थ्यांना कशाला सांगायचं, शाळेचं नाव खराब होतं, आईबापांचे फोन येतील. आणि ताईने मान डोलावली.

माझ्या आयुष्यात मी तिच्यावर तेव्हा जेवढा रागावलो तेवढा कधीच नाही. अवजारांच्या खोलीतसुद्धा नाही. तिथे निदान ती घाबरलेली होती.

जिन्यात मी तिला अडवलं. म्हटलं, ज्यांना शेजारी बसवलंस त्यांना तू तोंडाने सांगायचं, तोपर्यंत तुझं नाव मी फळ्यावर लिहिणार नाही. मालकांनी दुसरा माणूस ठेवावा. ती म्हणाली, मग त्यांचा माझ्यावर विश्वास राहणार नाही. मी म्हटलं, तो ठेवायचा की नाही ते त्यांना ठरवू दे, तू परस्पर ठरवू नकोस.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. बसने जाऊ लागली. बायको वर डबा घेऊन जायची आणि रिकामा परत आणायची, निरोप काही नसायचा. मीही माघार घेतली नाही. अबोला धरणं आमच्या घराण्यात सगळ्यांना जमतं.

आणि मग एका सकाळी ती वर्गात उभी राहिली. भिंतीवर इंजिनाचं चित्र, बाकांवर सगळे विद्यार्थी, दारात मी. तिने कुणाला काही विचारलं नाही. सरळ सांगायला लागली. कधीपासून चक्कर येत होती, गाडी का बंद होती, शेपटी दुसऱ्याकडून का तपासून घेत होती, कुणाला का घेतलं आणि कुणाला का टाळलं. एकही गोष्ट गाळली नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. आवाज मात्र इंजिनवर मात करणारा नव्हता, मागच्या बाकावरच्यांना कान द्यावे लागले.

 मग दातवाल्या बाई म्हणाल्या, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं तर. लांब मानेचा हसून म्हणाला, म्हणजे आम्हीच मॅडमना फिरवून आणत होतो. दोघेतिघे हसले. आता बऱ्या आहात ना मॅडम, मग सोडा, असं कुणीतरी म्हणालं. लोक चांगले असतात हो, उगाच चांगले असतात. ताईच्या चेहऱ्यावरचा ताण सुटायला लागला, तीही हसण्याच्या बेतात होती.

पहिल्या बाकावर उशी बसली होती, मांडीवर उशी घेऊन. ती हसली नव्हती.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “मी चांगली उडवते म्हणून तुम्ही मला सारखं घेता.”

ताईला काहीही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “चांगली उडवतेस म्हणूनच घेत होते.”

उशीने मांडीवरची उशी उचलून काखेत धरली. मग म्हणाली, “मी सगळा वेळ समोर बघत होते, मॅडम. तुमच्याकडे एकदाही बघितलं नाही. तुम्ही आहात म्हणून.”

या खेपेला कुणी विनोद केला नाही. उशी उठली, माझ्याजवळून बाहेर गेली आणि काउंटरपाशी थांबली. मी मागोमाग गेलो. तिने मला हळू आवाजात सांगितलं की आजपासून मला दुसऱ्या सरांकडे द्या. मी खडू उचलला, पण लिहायच्या आधी मागे बघितलं. ताई वर्गाच्या दारात उभी होती, तिने ऐकलं होतं.

“लिही,” ती म्हणाली. “बरोबर आहे तिचं.”

मी उशीचं नाव सरांच्या नावापुढे लिहिलं. उशी फळ्याकडे न बघताच हँगरकडे निघून गेली.